एक अक्षर कमी पडलं तेव्हा: मराठवाड्यातल्या कसरीच्या जनुकांचं एक प्रकरण

(माणसांची, गावांची आणि संस्थांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. एका विद्यार्थिनीच्या या पीएचडीत मी को-गाईड होतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे आणि तो धरूनच लिहितोय.)

पार्श्वभूमी

जुनी पोथी उघडली की पानांच्या बेचक्यातनं माशासारखी वळवळत सुळकन जी पळते ती कसर. बोटानं दाबली तर बोटाला चंदेरी भुकटी लागते, ती तिच्या अंगावरची खवलं. आपल्याकडं कागदाला काहीही झालं तरी "कसर लागली" म्हणतात, पण पानांतनं आरपार गोल भोकं पडली असतील तर ते काम बहुतेक एखाद्या भुंग्याच्या अळीचं असतं. कसर वरवर खरवडते, खळ खाते, कडा कुरतडते.

आता हिच्यावर पीएचडी कशाला, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात विचारला गेला. उत्तर असं की कीटकांच्या वंशवृक्षात पंख यायच्या आधी जी फांदी फुटली त्या फांदीवर ही बसलेली आहे. पिसवा-उवांचे पंख गेले, कसरीच्या पूर्वजांना ते कधी आलेच नाहीत. २०१४ साली 'सायन्स'मध्ये शंभराच्या आसपास संशोधकांनी मिळून १,४७८ जनुकांची तुलना करून कीटकांचा मोठा वंशवृक्ष मांडला, त्यात कीटकांची सुरुवात साधारण ४७.९ कोटी वर्षांपूर्वी आणि उडणं साधारण ४०.६ कोटी वर्षांपूर्वी, असा अंदाज आहे. म्हणजे पंख कुठल्या जनुकांपासून घडले हे शोधायचं तर पंख नसलेल्यांकडंच जावं लागतं. शिवाय कसर मोठी झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते, नर-मादीचा थेट संग होत नाही, नर जमिनीवर वीर्याची पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. १९५६ साली तर हेही दाखवलं गेलं की एका जातीची कसर आतड्यातल्या जंतूंच्या मदतीशिवाय स्वतःच सेल्युलोज पचवते.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण ती मला मनापासून खटकते. 'आदिम' म्हणजे मागं राहिलेली नाही. ती फांदी आधी फुटली एवढंच, त्यानंतर कसरीलाही आपल्याइतकाच काळ मिळालाय आणि तिची जनुकंही तेवढाच काळ बदलत आलीत.

मराठवाडा यासाठी चांगली जागा आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, माळवदं, बळदं (घरातली धान्याची कोठारं), लाकडी कडीपाट, आणि घराघरांत बांधून ठेवलेल्या पोथ्या नि मोडीचे रुमाल. वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यात मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले, ते काम २०१६ साली छापून आलं, आणि त्यामुळे तिथला गिलावा किड्यांपासून वाचला असावा असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणजे किडा विरुद्ध गिलावा ही झुंज आपल्याकडं दीड हजार वर्षांची.

विद्यार्थिनीचा विषय साधा होता. बीड, लातूर, धाराशिव आणि परभणी जिल्ह्यांतले जुने वाडे एकीकडं, शहरातली ग्रंथालयं दुसरीकडं, दोन्हीकडच्या कसरी एकाच जातीच्या आहेत का आणि त्यांच्यात जनुकीय फरक किती.

नमुने गोळा करताना

एका वाड्यात आजींनी देवघरातला लाल रुमाल सोडला, आत वेखंडाची पूड भुरभुरली आणि तिला विचारलं, "काय करायलीस गं माय? कसर धरून नेऊन काय करणार? त्यापरीस मारायचं औषध दे की." तिनं सगळं नीट समजावून सांगितलं, आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग बळदात बघ, तिथं लई हायती." हे बळदाचं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

मे महिना, ४२-४३ डिग्री, ॲब्सोल्यूट अल्कोहोलची ऑर्डर परवान्याच्या कागदांत अडकलेली, म्हणून मेडिकलमधनं आणलेल्या स्पिरिटमध्ये किडे टाकले आणि ट्यूब दिवसभर गाडीत राहिल्या. लॅबमध्ये आल्यावर डीएनए कमी निघेल या भीतीनं ठरलं की अख्खा किडा वाटून बारीक करायचा. तो निर्णय मी दिला, फोनवर, दोन मिनिटांत. फोटो घ्या असं म्हणालो होतो पण कुठल्या बाजूनं, किती जवळनं, हे काही सांगितलं नाही.

अडचण

कीटक ओळखायला सगळे वापरतात तोच सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा घेतला, १९९४ पासून वापरात असलेल्या एलसीओ-१४९० आणि एचसीओ-२१९८ या प्रायमरनी (प्रायमर म्हणजे हवा तो तुकडा पकडून देणारे डीएनएचे छोटे तुकडे). हे जनुक मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, असतं, आईकडनंच येतं, भराभर बदलतं, म्हणून जाती वेगळ्या करायला सोयीचं. पैसे वाचवायला सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांचं वाचन, एकाच दिशेनं करून घेतलं.

निकाल आला आणि आम्ही उडालोच. सरळ दोन गट. ग्रंथालयातल्या सगळ्या कसरी एकीकडं, वाड्यातल्या जवळजवळ सगळ्या दुसरीकडं, आणि मधे दहा टक्क्यांच्या वर फरक. कीटकांमध्ये दोन-तीन टक्के फरक दिसला तरी लोक वेगळ्या जातीचा संशय घेतात, इथं तर दरी होती. वाड्यांच्या मातीत शेकडो वर्षं एक वेगळीच जात राहतीय आणि कुणाला पत्ताच नाही, हे डोक्यात बसलं की निघत नाही. कॉन्फरन्सला ॲबस्ट्रॅक्ट गेलं, त्यात "संभाव्य नवीन जात" असा शब्द होता. कॉलेजमध्ये प्रेसनोटचा कच्चा मसुदा तयार झाला, कुणीतरी नावसुद्धा सुचवलं.

खटकलं कुठं, तर मी सहज विचारलं की प्रथिनात भाषांतर करून बघितलं का. ती म्हणाली, "सर, केलं, पहिल्यांदा सगळीकडं स्टॉप यायलेत म्हणून घाबरले, मग कळालं की सॉफ्टवेअरवर साधा कोड लावलेला होता." हे तिचं अगदी बरोबर होतं. आपल्या पेशीच्या केंद्रकातल्या कोडमध्ये टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे थांबा, प्रथिन इथंच संपलं; कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात तेच टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, प्रथिनाची एक वीट. कोड बदलला की सगळं स्वच्छ आलं. मग मी म्हणालो, मूळ फाईली दाखव, नुसती अक्षरं नको, क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीननं काढलेला शिखरांचा आलेख, दाखव.

रात्री लॅबमध्ये दोघं बसलो. वाड्यातला पहिला नमुना, साधारण तीनशेव्या अक्षरापाशी तिच्या फाईलमध्ये 'एन' होता, म्हणजे "इथलं अक्षर वाचता येत नाही". क्रोमॅटोग्राममध्ये मात्र तिथं काहीच गढूळ नव्हतं. अलीकडचं शिखर स्वच्छ, पलीकडचं शिखर स्वच्छ, मधे जागाच नाही. अक्षर वाचता येत नव्हतं असं नाही, तिथं अक्षरच नव्हतं. बाकीच्या नमुन्यांशी जुळवताना एक घर कमी पडतंय म्हणून, मशीननं एक अक्षर गाळलं असेल असं समजून, तिनं चांगल्या मनानं 'एन' भरला होता. दुसरा नमुना उघडला, तिथंही तेच. तिसरा, चौथा, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, वेगवेगळ्या दिवशी चालवलेले, सगळीकडं त्याच जागी एक अक्षर कमी. मशीन एवढं शिस्तीत चुकत नाही.

एक अक्षर गेलं की पुढची सगळी तीन-तीनची जुळणी सरकते. 'एन' काढून भाषांतर केलं आणि पुढं थांब्यांची रांग लागली. काम करणाऱ्या जनुकात असं चालत नाही, असा किडा जगूच शकणार नाही.

म्हणजे आम्ही जे वाचत होतो ते मायटोकॉन्ड्रियाचं जनुक नसावंच. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे कधीकाळी केंद्रकात जाऊन चिकटतात आणि तिथं निकामी प्रत म्हणून पडून राहतात, त्यांना न्युमट म्हणतात. २००८ साली टोळ आणि क्रेफिशवर झालेल्या एका कामात दाखवलं होतं की अशा प्रती पीसीआरमध्ये (हवा तो तुकडा असंख्य पटींनी वाढवायच्या क्रियेत) शिरल्या तर जातींची संख्या फुगून दिसते. हे मी वर्गात शिकवतो. तरी स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये विचारायला मला ॲबस्ट्रॅक्ट जाईपर्यंत वेळ लागला.

पुढं काय करायचं

आता समोर बरेच रस्ते होते आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी बाजूनं बोलणारं होतं.

एक, गप्प बसायचं. ॲबस्ट्रॅक्टमध्ये "संभाव्य" म्हटलेलंच आहे, प्रेझेंटेशन देऊन टाकू, नंतर बघू. हे एका ज्येष्ठांनी सुचवलं आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता, मुलीची फेलोशिप संपत आली होती. पण एकदा पेपरात "मराठवाड्यात नवीन कीटक" छापून आलं की ते परत घेता येत नाही, आणि त्या बातमीखाली नाव तिचं असतं, माझं नाही.

दोन, वाड्यातले नमुने "खराब डीएनए" म्हणून टाकून द्यायचे आणि फक्त ग्रंथालयांवर थिसिस लिहायचा. सोपं होतं, पण वाडे काढले तर प्रश्नच उरत नाही.

तीन, केंद्रकातली जनुकं वाचायची. त्यातलं २८एस नावाचं जनुक चालवलं, दोन्ही गटांत तंतोतंत सारखं आलं. तेवढ्यावर ती लगेच "मग एकच जात" म्हणायला निघाली होती, पण २८एस इतकं हळू बदलतं की जवळच्या दोन वेगळ्या जातींतही सारखं येऊ शकतं. विरोधात पुरावा नाही एवढंच त्यातनं कळलं.

चार, आरएनए. निकामी प्रतीची आरएनए नक्कल सहसा होत नाही, चालू जनुकाची होते. म्हणून आरएनएवरनं उलटं डीएनए करून वाचलं तर खरं जनुक मिळायला हवं. पण त्यासाठी ताजा किडा पाहिजे, स्पिरिटमधला चालत नाही, आणि आरएनए उन्हात तासाभरात वाया जातं. ड्राय आइस आमच्याकडं मिळत नाही. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनचे कंटेनर असतात, तिथनं थोडा मिळेल का असंही विचारून झालं, डॉक्टर तयारही होते, पण तो एसटीतनं न्यायचा कसा हा प्रश्न सुटेना.

पाच, प्रायमर बदलायचे. हे करायचंच होतं, पण कुठल्या अक्षरांवर बसवायचे हे कळायला आधी खरं जनुक हातात पाहिजे.

काय केलं

सगळ्यात आधी ॲबस्ट्रॅक्ट मागं घेतलं. मेल तिनंच लिहिला, चार ओळींचा, कारण स्पष्ट दिलं की सिक्वेन्स न्युमट असल्याचा संशय आहे. आयोजकांचं उत्तर साधं आणि सभ्य होतं. प्रेसनोटचा मसुदा फाईलमध्येच राहिला.

मग किडे जिवंत आणायचं ठरलं, आणि इथं अगदी घरगुती उपाय कामाला आला. काचेच्या बरणीला बाहेरनं कागदी टेप गुंडाळायचा, आत चिमूटभर गव्हाचं पीठ आणि कागदाचा चुरगळलेला तुकडा. टेपवर कसर चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवर तिला चढता येत नाही. रात्री ठेवलेली बरणी सकाळी बघायची. झाकणाला बारीक भोकं पाडून बरण्या पिशवीत मांडीवर घेऊन ती पोरगी एसटीनं फिरली. उपाशी राहण्यात कसर चिवट असते, चार-पाच दिवसांचा प्रवास तिला काहीच नाही. एकही मेली नाही.

लॅबमध्ये प्रत्येक किडा आधी मायक्रोस्कोपखाली. यावेळी नियम बदलला: मागचे दोन पाय डीएनएसाठी, अंगाचा छोटा भाग आरएनएसाठी, बाकी शरीर नंबर टाकून चांगल्या अल्कोहोलमध्ये. कसरीची ओळख पाठीवरच्या केसांच्या मांडणीवरनं आणि पोटाखालच्या काड्यांच्या जोड्यांवरनं पटते. आमच्या कसरींच्या पाठीवर केसांचे छोटे कंगवे होते, टेनोलेपिस्मा या प्रजातीच्या नावातच तो कंगवा आहे.

आरएनएत केंद्रकातला डीएनए उरला तर सगळा खटाटोप फुकट, म्हणून डीएनेजनं, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाईमनं, धुऊन घेतलं आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एक ट्यूब अशी चालवली की ज्यात उलट नक्कल करणारं एन्झाईम घातलंच नाही. त्या ट्यूबमधलं जेलवर चालवल्यावर डीएनएची पट्टी दिसली असती तर डीएनए शिल्लक आहे असं समजायचं. पहिल्या खेपेला दिसली. परत धुतलं, परत चालवलं. दुसऱ्या खेपेला त्या ट्यूबची लेन कोरी आली आणि शेजारच्या लेनमध्ये एक फिकट पट्टी, तीही प्रायमर चिकटायचं तापमान थोडं उतरवल्यावर. ती फिकट पट्टी बघून ती खुर्चीवर बसली आणि पाच मिनिटं काहीच बोलली नाही.

निकाल

वाड्यातल्या कसरींचं खरं जनुक आलं. एकही अक्षर कमी नाही, एकही थांबा नाही, आणि ग्रंथालयातल्या कसरींपासून फरक दीड टक्क्याच्या आत. ठेवलेली शरीरं दोन्हीकडची शेजारी शेजारी ठेवली, कंगवे मोजले, काड्या मोजल्या, फरक सापडला नाही. एकच जात, आईकडची घराणी थोडी वेगळी.

मग वाड्यातल्यांमध्येच न्युमट का यावा? बाजूच्या जनुकांवर नवे प्रायमर बसवून मोठा तुकडा वाचला तेव्हा उलगडा झाला. वाड्यातल्या घराण्यात नेमक्या जुन्या प्रायमरच्या जागी, तेही त्याच्या वाढत्या टोकाला, दोन अक्षरं बदललेली होती. प्रायमर खऱ्या जनुकाला नीट धरेना आणि केंद्रकातली जुनी निकामी प्रत मात्र त्याला सापडत होती, म्हणून पीसीआर तिचीच वाढवत गेला. नव्या प्रायमरनी ग्रंथालयातल्या काही कसरींच्या केंद्रकातही तीच प्रत दिसली. ती सगळ्यांकडंच होती, वाड्यात तेवढी पुढं आली.

थिसिसचं ते प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात नवीन जात नाही, पण या प्रजातीवर काम करणाऱ्याला कुठले प्रायमर टाळायचे ते आहे, आणि ते कुणाच्या तरी सहा महिन्यांचं रक्षण करेल. तिला मुदतवाढ घ्यावी लागली, काही महिने फेलोशिपशिवाय काढावे लागले. हे लिहायला नको वाटतं पण ते झालंय.

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही दिशांनी सिक्वेन्सिंग केलं असतं तर 'एन' टाकायची वेळच आली नसती, दुसऱ्या दिशेनंही तीच जागा मोकळी दिसली असती आणि पहिल्याच आठवड्यात शंका आली असती. वाचवलेले पैसे नंतर तिप्पट गेले.

'एन' टाकल्याबद्दल मी तिला दोष देत नाही. तुकड्याच्या टोकाला सिग्नल गढूळ असतो, तिथं हातानं दुरुस्ती सगळेच करतात. मी तिला एवढंच सांगायला हवं होतं की मधोमध, जिथं वाचन सगळ्यात स्वच्छ असतं, तिथं हात लावायच्या आधी मला बोलव. आता लॅबमध्ये हाताची प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहायची, तारीख आणि कारणासकट.

पण खरी सल वेगळी आहे. पहिल्या फेरीतले तीन नमुने न्युमटच्या गटातही बसत नाहीत आणि ग्रंथालयाच्या गटातही नाही. नव्या प्रायमरनी परत चालवले, दोन्ही दिशांनी, तरी ते वेगळेच. एकही अक्षर कमी नाही, थांबा नाही, दुहेरी शिखरं नाहीत. तिन्ही त्या आजींच्या वाड्यातल्या बळदातले. हे काय आहेत ते सांगायला शरीर पाहिजे, नवीन जातीला नाव द्यायचं तर होलोटाइप म्हणून एक नमुना जपून ठेवावाच लागतो, आणि आमच्याकडं तीन ट्यूबमध्ये नुसतं पाणीदार डीएनए आहे. किडे माझ्या सांगण्यावरनं वाटून टाकलेले. फोटो एकच, वरनं घेतलेला, हललेला. तिच्या वहीत त्या दिवसाची ओळ आहे: "बळद, ज्वारीच्या भुशात, ३ नग, अंगानं मोठ्या, शेपट्या लांब?" ते प्रश्नचिन्ह तिनं तेव्हाच टाकलेलं.

मुदतवाढ मिळाल्यावर ती परत तिथं गेली. वाडा पाडून झाला होता, कडीपाटाचं लाकूड विकलं गेलं होतं, पांढरी माती शेतात टाकली होती आणि त्या जागेवर स्लॅबचं सेंट्रिंग उभं होतं. आजी मुलाकडं पुण्याला. शेजारच्या घराचं बळद अजून शाबूत होतं, त्या काकांनी परवानगी दिली, तिनं सहा बरण्या लावल्या. सकाळी चार बरण्यांत कसरी होत्या. सगळ्यांचे कंगवे मोजले, नेहमीच्याच निघाल्या.

त्या सहा बरण्या काकांच्या बळदातच ठेवल्यात. दर पंधरा दिवसांनी ते पीठ बदलतात आणि फोन करतात.